अक्रा की केपटाऊन? वस्तीतल्या शाळेत स्वयंसेवक म्हणून खेळाचं कोचिंग करायला जायचं तर

आधी हे बघा की तुम्हाला फुटबॉल जास्त येतो की क्रिकेट, अर्धा निर्णय तिथेच होतो.

अक्रा, म्हणजे घानाची राजधानी, तिथे फुटबॉलच. घाना २०१० च्या वर्ल्डकपला क्वार्टर फायनलपर्यंत गेला होता, तिथली पोरं अनवाणी पण तुम्हाला नाचवतील, त्यामुळे कोचगिरीचा तोरा घरीच ठेवा आणि पंप, बिब्स (टीम ओळखायला वरून घालायची रंगीत बनियनं), चांगले बॉल घेऊन जा, ते जास्त कामाचं. यलो फीव्हरची लस कंपल्सरी, मलेरियाच्या गोळ्या वेगळ्या, आणि डिसेंबर ते फेब्रुवारी सहाराकडून हरमट्टान नावाचा धुळीचा वारा येतो, त्यात पोरांना पळवायचं म्हणजे घशाची वाट.

केपटाऊनला मलेरिया नाही. तिथल्या लांगा टाउनशिपमध्ये (शहराकडेची गरीब वस्ती) क्रिकेट मुरलेलं आहे, दक्षिण आफ्रिकेचा बॅट्समन टेम्बा बावुमा तिथलाच, म्हणजे गल्लीत टेनिस बॉलवर वाढलेल्या आपल्यासारख्यांचं लगेच जमेल (पोरं आपसात खोसा बोलतात, दोन-चार शब्द शिकून जा). पण सेफ्टीचं बघायला लागतं, अंधार पडल्यावर एकटं फिरायचं नाही, येणंजाणं लोकल माणसाबरोबरच. आणि जून ते ऑगस्ट तिकडे थंडी-पाऊस, म्हणून मे महिन्याच्या सुट्टीला जोडून जायचा प्लॅन करू नका, क्रिकेटला जानेवारी-फेब्रुवारी बरा.

खर्च दोन्हीकडे आपलाच, पाठवणारी संस्था फी घेत असेल तर त्यातलं शाळेला किती जातं ते लेखी मागा, टाळाटाळ केली तर सोडून द्या.

मी केपटाऊन घेईन, पण निदान दोन महिने, कारण पंधरा दिवसांत पोरांची नावंपण पाठ होत नाहीत.