जुन्या लोखंडी पुलाची दुरुस्ती: रिव्हेट की बोल्ट?

१८८२ साली स्थापन झालेल्या सदर्न मराठा रेल्वेने बेळगाव भागात रूळ आणले, तो काळ रिव्हेटचा, म्हणजे तापवून ठोकायच्या लोखंडी खिळ्यांचा. तेव्हाच्या कैचीच्या, म्हणजे त्रिकोणी सांगाड्याच्या, पुलांचे सांधे आज दुरुस्त करायचे तर पर्याय दोनच. वेल्डिंग मी धरतच नाही. जुन्या घडीव लोखंडात ते बनवताना राहिलेल्या मळीचे थर असतात, तिथे जोड भरवशाचा होत नाही.

रिव्हेट लालभडक तापवून भोकात घालतात आणि दुसरं टोक ठोकून गोल डोकं काढतात. थंड होताना तो आखडतो, दोन्ही पत्रे करकचून आवळतो. भोकही बरंचसं भरून निघतं. आपल्या खानापूरच्या पावसात याला फार मोल आहे, कारण पत्र्यांच्या फटीत पाणी शिरलं की गंज फुगतो आणि जाड पत्रासुद्धा वाकवतो. शिवाय पूल मूळचा दिसतो. अडचण माणसांची: भट्टी सांभाळणारा, मागून टेकू धरणारा, ठोकणारा, अशी सरावलेली टोळी आता सहज मिळत नाही.

उच्च ताकदीचा बोल्ट दोघं जण पान्याने आवळतात. काम झटपट, तपासणी सोपी. पण षटकोनी डोकी लांबूनही खुपतात.

माझं मत स्पष्ट आहे. नजरेसमोरच्या सांध्यांना रिव्हेटच हवेत, आतल्या आडव्या तुळयांना बोल्ट चालतील. बेळगावच्या उद्यमबागेत ओतकाम आणि यंत्रकाम करणारे इतके कारखाने आहेत. तिथल्या पोरांना रिव्हेट ठोकायला शिकवणं अशक्य नाही. जुने हात आहेत तोवर सुरुवात व्हावी.