थर्मिऑनिक गन की फोटोकॅथोड गन?

इलेक्ट्रॉन गन म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरला इलेक्ट्रॉन पुरवणारा भाग. तिच्यातून इलेक्ट्रॉनचे छोटे पल्स काढायचे तर मुख्य रस्ते दोन. थर्मिऑनिक गनमध्ये कॅथोड तापवला की इलेक्ट्रॉन निघतच राहतात, त्यांना अडवायचं-सोडायचं काम बहुतेक ठिकाणी समोरच्या ग्रिडचं, म्हणजे जाळीचं, पण ग्रिडचं व्होल्टेज किती भरभर खालीवर करणार, साधारण १ नॅनोसेकंदाच्या आसपास गाडी अडते, मग बंचर (इलेक्ट्रॉनचा घोळका आखूड करणारा भाग) लावून मागच्या इलेक्ट्रॉनना ढकलायचं, पुढच्यांना जरा रोखायचं, तेव्हा कुठे काम पिकोसेकंदांवर (नॅनोसेकंदाचा हजारावा भाग) येतं. फोटोकॅथोडमध्ये ही कसरतच नाही, तिथे कॅथोडवर लेझर मारून इलेक्ट्रॉन काढतात, त्यामुळे लेझरचा पल्स जेवढा साधारण तेवढाच इलेक्ट्रॉनचा, थेट काही पिकोसेकंद. पण डोकेदुखीही तिथेच! तांब्याच्या कॅथोडवर लाखभर यूव्ही फोटॉन मारले तर जेमतेम काही इलेक्ट्रॉन सुटतात, आणि लेझरचं टायमिंग आरएफच्या (इलेक्ट्रॉनना वेग देणाऱ्या रेडिओ लहरींच्या) तुलनेत जरा सरकलं की बीमची एनर्जी पण हलते.

फेमटोसेकंद (पिकोसेकंदाचा हजारावा भाग) हवे असतील तर दोन्हींच्या पल्सना बहुतेकदा पुढे चुंबकांच्या वळणावर दाबावं लागतं. नवीन एक्स-रे लेझर (अशा इलेक्ट्रॉन पल्समधून एक्स-रे काढणारं यंत्र) असेल तर मी फोटोकॅथोडच घेईन, अमेरिकेतल्या एलसीएलएस या एक्स-रे लेझरने २००९ मध्ये तेच वापरलं. तरी थर्मिऑनिकला लगेच म्हातारी म्हणू नका, जपानच्या साक्ला या यंत्राने २०११ मध्ये तापवलेल्या सेरियम हेक्साबोराइडच्या कॅथोडवरच एक्स-रे लेझर चालवून दाखवला.