अजिंठ्यासाठी मुक्काम कुठे करावा : फर्दापूर, जळगाव की संभाजीनगर?

अजिंठ्याला जायचं ठरलं की बहुतेक घरांत बेत आधीच तयार असतो. छत्रपती संभाजीनगरला हॉटेल घ्यायचं, एक दिवस वेरूळ आणि एक दिवस अजिंठा. या बेतात चुकीचं काही नाही, आणि काही जणांसाठी तोच योग्य आहे. पण अजिंठ्याचा खरा ऐवज चित्रांत आहे. ती चित्रं अंधारात आहेत, आणि अंधारातलं बघायला वेळ लागतो, ताजे डोळे लागतात. त्यामुळे इथे मुक्कामाचं ठिकाण निवडताना खोली कशी आहे हे मी नंतर बघते. लेण्याच्या दाराशी आपण किती वाजता आणि किती दमलेले पोचणार, हे आधी बघते.

पर्याय तीन आहेत. फर्दापूर हे लेण्यांच्या पायथ्याचं गाव, अगदी चार-पाच किलोमीटरवर. जळगाव साधारण 55 ते 60 किलोमीटर. संभाजीनगर सुमारे 100 किलोमीटर. लेणी सकाळी नऊला उघडतात, संध्याकाळी साडेपाचला बंद होतात आणि सोमवारी पूर्ण बंद असतात. वेरूळ मंगळवारी बंद. रविवारी रात्रीचं फर्दापूरचं बुकिंग स्वस्त मिळालं म्हणून घेऊ नका, दुसऱ्या दिवशी फाटक बंद असेल.

फर्दापूर: लेण्यांच्या उंबऱ्यावर

फर्दापुरात राहायला फार काही नाही, हे आधीच सांगते. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचं (एमटीडीसी) पर्यटक निवास आहे, हमरस्त्यालगत थोडी खासगी हॉटेलं आणि लॉज आहेत, आणि ढाबे आहेत. लिफ्ट, जलतरण तलाव, रात्री उशिरापर्यंत रूम सर्व्हिस असं काही लागत असेल तर इथे मन रमणार नाही. संध्याकाळी सातनंतर गावात करण्यासारखं काही उरत नाही. जेवण लवकर सांगून ठेवावं लागतं. सोबत मच्छरांसाठी मलम आणि टॉर्च असू द्या. वीज गेली तर जनरेटर आहे का, हे बुकिंगच्या वेळीच फोनवर विचारून घ्या.

एवढं सोसून मिळतं ते सकाळचं पहिलं तास-दीड तास. खासगी गाड्या लेण्यांपर्यंत जात नाहीत. त्या फर्दापूरच्या टी पॉइंटवर लावायच्या, आणि तिथून एसटीची बस आपल्याला चार किलोमीटर आत नेते. प्रदूषणापासून चित्रं वाचावीत म्हणून ही व्यवस्था केलेली आहे. फर्दापुरात झोपलेला माणूस नाश्ता करून पहिल्या बसमध्ये बसतो आणि तिकीटघर उघडताना तिथे हजर असतो. भारतीयांना प्रवेश 40 रुपये, 15 वर्षांखालच्या मुलांना मोफत. बसचं भाडं आणि टी पॉइंटवरचं सुविधा शुल्क वेगळं.

लेणं क्रमांक 1 मध्ये पाऊल टाकल्यावर पहिली काही मिनिटं फक्त काळोख असतो. दिवे मुद्दाम मंद ठेवलेले आहेत, फ्लॅशला बंदी आहे, चपला बाहेर. मग हळूहळू छतावरची वेलबुट्टी वर येते, त्यामागून भिंतीवरचे चेहरे. गाभाऱ्याच्या दारापाशी डाव्या हाताला बोधिसत्त्व पद्मपाणीचं चित्र आहे. हातात नीलकमळ, मान किंचित कललेली, आणि पापण्या अशा झुकलेल्या की तो आपल्याकडे बघत नाही हे कळायलाही थोडं थांबावं लागतं. उजवीकडच्या वज्रपाणीकडे नजर वळेपर्यंत डोळे पुरते सरावलेले असतात, आणि तेव्हा त्याच्या मुकुटावरचं बारीक काम दिसायला लागतं. मागे रांग उभी असेल तर यातलं काही घडत नाही. चित्रांच्या लेण्यांत एका वेळी मोजकीच माणसं सोडतात आणि गर्दी वाढली की रखवालदार पुढे सरकायला सांगतात. साडेदहा-अकराला लांबून निघालेल्या गाड्या आणि हिवाळ्यात शाळांच्या सहली एकदम येऊन पोचतात. त्याआधी 1, 2, 16 आणि 17 ही चार लेणी शांतपणे पाहून झाली, तर पुढचा सगळा दिवस मोकळा राहतो. लेणं क्रमांक 1 मध्येच एका खांबावर चार हरणं एकच डोकं वाटून घेतात, तेही चुकवू नका. ते सावकाश चालणाऱ्यालाच सापडतं.

दुसरा फायदा दुपारचा. लेणी वाघूर नदीच्या, घोड्याच्या नालेसारख्या वळणावर कोरलेली आहेत, त्यामुळे प्रत्येक लेण्याचं तोंड वेगळ्या दिशेला आणि उजेडाची वेळही वेगळी. दुपारच्या उन्हात खोलीवर परतून जेवायचं, तासभर पडायचं आणि चार वाजता उरलेलं बघायला पुन्हा जायचं, हे फक्त फर्दापूरवाल्यालाच जमतं. मार्च ते मेमध्ये मराठवाड्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा ही चैन राहत नाही, गरज होते. दुसऱ्यांदा आत जाताना तिकीट पुन्हा काढावं लागेल का, हे सकाळी बाहेर पडतानाच खिडकीवर विचारा.

व्ह्यू पॉइंटही विसरू नका. 1819 च्या एप्रिलमध्ये जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी शिकारीला आला आणि पलीकडच्या कड्यावरून त्याला दहाव्या लेण्याची कमान दिसली. तिथे लेण्यांकडून पूल ओलांडून पायऱ्यांनी चढून जाता येतं. घाटाच्या माथ्यावरून गाडीचा वेगळा रस्ताही फुटतो. लेणी नऊला उघडत असली तरी वरून संपूर्ण नाल सकाळच्या उन्हात बघायला कुणाचं फाटक आडवं येत नाही. फर्दापूरहून पहाटे घाट चढून वर जाणं सहज शक्य आहे, संभाजीनगरहून त्यासाठी मध्यरात्रीनंतर उठावं लागेल.

ज्यांनी अजिंठा खरोखर पाहिला, ते सगळे जवळच राहिले होते. रॉबर्ट गिल 1844 मध्ये चित्रांच्या नकला करण्याच्या कामावर नेमला गेला आणि घाटावरच्या अजिंठा गावातल्या बारादरी या जुन्या वास्तूत वर्षानुवर्षं राहिला. त्याच्या बहुतेक नकला 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. पुढे 1872 पासून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन हेच काम करत राहिले. अजिंठा गावात आज पर्यटकांच्या राहण्याची म्हणावी तशी सोय नाही, म्हणून मी ते पर्यायात धरत नाही. पण वाटेत थांबून बारादरी जरूर बघा.

जळगाव: रेल्वेने येणाऱ्यांचा पर्याय

मुंबई, नाशिक, नागपूरकडून आगगाडीने येणाऱ्यांना जळगाव सगळ्यांत सोयीचं, आणि तरी त्याचा विचार फार कमी लोक करतात. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावरचं स्टेशन असल्यामुळे दिवसभर गाड्या आहेत. स्टेशनपासून चालत जाण्याजोग्या अंतरावर साध्या लॉजपासून बऱ्यापैकी हॉटेलांपर्यंत सगळं मिळतं. बसस्थानकावरून पहूरमार्गे संभाजीनगरकडे जाणाऱ्या एसट्या फर्दापूरवरूनच जातात. कंडक्टरला "अजिंठा लेणी, टी पॉइंट" एवढं सांगितलं की तो उतरवतो. नुसतं "अजिंठा" म्हणालात तर घाट चढून गावात उतराल, आणि उलट यावं लागेल.

दीड तास धरला तर सातला निघून उघडण्याच्या वेळेला पोचता येतं, म्हणजे फर्दापूरचा मोठा फायदा इथूनही बराचसा हाती लागतो. या रस्त्याला घाट लागत नाही, गाडी लागणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. आणि संध्याकाळी परतल्यावर शहर जागं असतं. हिवाळ्यात खानदेशातलं वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी, एरवी शेवभाजी. फर्दापूरच्या ढाब्यावर जेवण मिळतं, जळगावात जेवायला मजा येते.

उणीव म्हणाल तर जळगावला राहून वेरूळ साधत नाही. दोन्ही बघायचं असेल तर एकदा तरी बिऱ्हाड हलवावंच लागेल.

संभाजीनगर: सोय भरपूर, वेळ थोडा

इथे हॉटेलं सगळ्या खिशांना परवडणारी आहेत, विमानतळ आहे, रेल्वे आहे, दवाखाने आहेत. वेरूळ 30 किलोमीटरवर, वाटेत देवगिरीचा किल्ला, गावातच बीबी का मकबरा आणि पाणचक्की. म्हातारे आई-वडील आणि लहान मुलं सोबत असतील, तर रात्री-अपरात्री डॉक्टर मिळण्याची खात्री ही खोलीतल्या कुठल्याही सुविधेपेक्षा मोठी गोष्ट आहे, आणि त्या एका कारणासाठी मी स्वतः संभाजीनगरच निवडेन.

किंमत मोजावी लागते ती रस्त्यावर. फुलंब्री, सिल्लोड आणि मग अजिंठ्याचा घाट असं करत एका बाजूचे अडीच तास धरा. जाऊन-येऊन पाच तास. नऊला पोचायचं तर सव्वासहाला निघायला हवं, आणि हॉटेलचा फुकटचा नाश्ता तेव्हा लागलेला नसतो. बहुतेक मंडळी आठ-साडेआठला निघतात, अकराला गर्दीच्या पोटात शिरतात. चित्रांच्या त्या चार लेण्यांसाठी रांगेत उभी राहतात आणि चार वाजता परतीची घाई सुरू होते. तोवर 26 वं लेणं आलेलं नसतं. तिथल्या भिंतीवर महापरिनिर्वाणाची, म्हणजे बुद्धाच्या देहत्यागाच्या क्षणाची, सुमारे सात मीटर लांबीची बुद्धमूर्ती आहे. खाली शोक करणारे भिक्षू, वर स्वागताला आलेले देव. सगळ्या लेण्यांच्या जवळजवळ शेवटी असल्यामुळे दमलेली माणसं इथे पोचतच नाहीत, किंवा पोचली तरी फोटो काढून मागे फिरतात. मला या गोष्टीचं फार वाईट वाटतं.

शहरातून एक दिवसाची सहल देणाऱ्या बस आणि टॅक्सीही मिळतात. बुक करताना एकच प्रश्न विचारा: लेण्यांपाशी प्रत्यक्ष किती तास मिळणार? चार तासांपेक्षा कमी उत्तर आलं तर दुसरीकडे बघा. अजिंठा आणि वेरूळ एकाच दिवसात दाखवतो म्हणणाऱ्याबरोबर तर जाऊच नका.

मग कुणी कुठे राहावं

चित्रं, शिल्पं, इतिहास यांत जीव अडकलेला असेल, स्केचबुक घेऊन बसायचं असेल, तर फर्दापूर, दुसरा विचार नको. साधी पण स्वच्छ चादर आणि गरम पाणी एवढ्यावर भागणाऱ्या जोडप्यांनाही मी तेच सांगेन. एकट्या प्रवास करणाऱ्या बाईने आधी खोलीची आणि परिसराची माहिती फोनवर नीट घ्यावी. मन धजत नसेल तर जळगाव निर्धास्तपणे निवडावं. पायऱ्या चढणं अवघड असलेल्यांसाठी लेण्यांपाशी डोलीवाले मिळतात, पण सकाळी लवकर गेलं तर दरही नीट ठरवता येतो आणि उतरून बघायला उसंतही मिळते. म्हणजे वडीलधाऱ्यांना घेऊन संभाजीनगरला राहिलात तरी अंधारातच निघा, गाडीत झोपू द्या.

पावसाळ्याचा हिशेब निराळा. सातकुंड धबधब्यातून वाघूर कोसळत असते, डोंगर हिरवागार, आणि गर्दीही कमी. तेव्हा फर्दापूरला राहणं हे लेण्यांइतकंच दरीसाठी असतं. ढगाळ दिवशी आत उजेड मात्र आणखी कमी असतो, हे धरून चाला.

तीन दिवस हाताशी असतील तर एकाच ठिकाणी खुंटा ठोकण्याचा हट्ट सोडा. बुधवारी सकाळी रेल्वेने जळगावला उतरा, एसटीने फर्दापूर गाठा, सामान खोलीवर टाका आणि दुपारी लेण्यांना नुसती एक फेरी मारा: नऊ आणि दहा ही इसवीसनापूर्वीची चैत्यगृहं (स्तूप असलेली प्रार्थनागृहं), एकोणीस, सव्वीस. चित्रं दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवा. गुरुवारी नऊला थेट एक, दोन, सोळा, सतरा. दुपारी जेवून टी पॉइंटवरून संभाजीनगरची एसटी पकडा आणि रात्री तिथे चांगल्या हॉटेलात झोपा. शुक्रवारी वेरूळ. तिथली लेणी पश्चिमाभिमुख आहेत, म्हणून सकाळी देवगिरी करून तिथल्या कैलास लेण्यात दुपारनंतर शिरा. परतीचं तिकीट संभाजीनगरहून काढा. फर्दापूरची खोली दिवाळी, नाताळ आणि जोडसुट्ट्यांत पटापट भरते, तेव्हा रेल्वेचं आरक्षण करायच्या आधी ती पक्की करा.