त्झात्झिकीसाठी घरचा चक्का की विकतचं ग्रीक योगर्ट?

कॉलेज रोडला राहणाऱ्या माझ्या भाचीला काकडीचं ग्रीक डिप, म्हणजे त्झात्झिकी, करायचं आहे. चक्का बांधावा की ग्रीक योगर्टचे डबे आणावेत, हे तिचं ठरत नाहीये.

खर्चात चक्का सरळ जिंकतो. किलोभर दह्यातून साधारण निम्मा चक्का निघतो आणि गळलेलं पाणी कणकेत वापरता येतं. तेवढ्याच वजनाचे डबे बरेच महाग पडतात.

मेहनत अर्थातच चक्क्याला जास्त. नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये ओट्यावर टांगलेलं दही सकाळपर्यंत आंबतं, म्हणून चाळणीत फडकं घालून ते फ्रीजमध्येच निथळू द्यावं. डब्याला ही खटपट नाही. फक्त त्यात साखर किंवा फळाचा स्वाद नाही ना, हे बघून घ्यायचं.

चवीला मला म्हशीच्या दुधाचा चक्काच आवडतो. तो स्निग्ध असतो, लसूण आणि ऑलिव्ह तेल छान पेलतो. कमी फॅटचं योगर्ट त्यापुढे कोरडं लागतं.

काकडीचं मात्र दोन्हीकडे सारखंच. किसून, मीठ लावून दहा मिनिटांनी घट्ट पिळली नाही, तर डिपची कोशिंबीर होते. वरून शेपू किंवा पुदिना, थोडं लिंबू.

दहा-बारा पाहुणे असतील आणि आदल्या दिवशी सवड असेल, तर चक्का. दोघांपुरतं, ऐनवेळी हवं असेल, तर साधा डबा.