गळ्यातल्या बॅजवरचा क्यूआर आणि हजेरी: नऊ महिने वापरल्यानंतर

आमच्या जिल्ह्याच्या गावातल्या डॉक्टरांच्या संघटनेचं ऑफिस मी सांभाळते. वर्षाला बारा-पंधरा सीएमई, म्हणजे डॉक्टरांच्या पुढच्या शिक्षणाचे कार्यक्रम, होतात, दर वेळी दीडशे-पावणेदोनशे डॉक्टर. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी होतं आणि त्यासाठी अशा कार्यक्रमांना हजर राहून मिळणारे ३० क्रेडिट, म्हणजे गुण, लागतात, त्यामुळे इथे हजेरी म्हणजे नुसती औपचारिकता नाही. पूर्वी रजिस्टर होतं. त्यात एकाच पेनाने, एकाच वळणाने सलग सहा जणांच्या सह्या मी स्वतः पाहिल्यात. म्हणून बॅजवर क्यूआर छापून स्कॅन करायचं ठरलं. नऊ महिन्यांत अकरा कार्यक्रम झाले. आता लिहायला हरकत नाही.

पहिली चूक खरेदीतच झाली. दुकानदाराने ‘बारकोड स्कॅनर’ म्हणून जे दिलं ते लाल रेघ मारणारं, किराणा दुकानात असतं तसलं. ते फक्त उभ्या रेघांचा कोड वाचतं, क्यूआरपुढे मख्ख बसतं. क्यूआरला टू-डी, म्हणजे चौकोनांचा कोड वाचणारा स्कॅनरच लागतो. बदलून आणला. तो यूएसबीला लावला की लॅपटॉपला तो कीबोर्डच वाटतो. कोडमध्ये जे असेल ते कर्सर असेल तिथे टाइप होतं आणि एंटर पडतो, वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. सोय मोठी, पण गंमतही तिथेच आहे. दुसऱ्या कार्यक्रमाला मी आदल्या रात्री मराठीत पत्र टाइप करून कीबोर्ड तसाच ठेवला होता. आमचे क्रमांक ‘डीआर’ या इंग्रजी अक्षरांनी सुरू होतात. इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डमध्ये त्या दोन कळा म्हणजे ‘अ’ आणि ‘ई’. शीटमध्ये ओळीने ‘अई, अई, अई’ उमटत गेलं आणि तीस जण आत गेल्यावर माझं लक्ष गेलं. मीही मनात तेच म्हटलं.

कोडमध्ये काय भरायचं, यावर समितीत बरीच चर्चा झाली. नाव, मोबाइल, ई-मेल, हॉस्पिटल सगळं घाला, असा एका सरांचा आग्रह. घातलं. कोड इतका दाट झाला की एका बाजूला पन्नासच्या आसपास चौकोन आले. दोन सेंटीमीटरच्या छपाईत एकेक चौकोन अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक. फोन पुढे-मागे हलवत बसावं लागे. पण खरी अडचण दुपारी कळली. औषध कंपन्यांच्या स्टॉलवरचे प्रतिनिधी साध्या फोनने बॅज टिपत होते आणि संध्याकाळपर्यंत डॉक्टरांना फोन सुरू झाले. त्यातल्या एका मॅडमनी मला जे सुनावलं ते योग्यच होतं. तेव्हापासून कोडमध्ये फक्त सहा अक्षरांचा क्रमांक. बाकी माहिती आमच्या शीटमध्ये. एवढ्या छोट्या मजकुराला २१ बाय २१ चौकोनांचा सगळ्यात लहान कोड पुरतो, आणि त्यातच दुरुस्तीची सर्वांत वरची पातळी बसते. म्हणजे जवळपास ३० टक्के भाग खराब झाला तरी कोड वाचला जातो. चहा सांडलेला बॅजही चालला आहे. मात्र कडेची पांढरी मोकळी जागा डिझायनरला कापू देऊ नका. चार चौकोनांइतकी जागा लागतेच. आमच्या डिझायनरने एकदा फिकट पिवळ्या कागदावर सोनेरी कोड छापला. लग्नपत्रिकेला शोभला असता.

बॅजचं पाकीट चकचकीत प्लास्टिकचं असेल तर हॉलचे दिवे त्यात चमकतात आणि स्कॅनर आंधळा होतो. फोनने घेणार असाल तर बॅज किंचित तिरका धरायला सांगावं लागतं. त्यात एकाच हुकाची दोरी म्हणजे बॅज हमखास पाठमोरा. दीडशे वेळा ‘सर, जरा उलटा करता का’ म्हणून घसा बसला. आता दोन्ही बाजूंना कोड छापतो.

आधी नाव न नोंदवता ऐनवेळी आलेल्यांचं काय? आम्ही वीस कोरे बॅज क्रमांकासह आधीच छापून ठेवतो. नाव मार्करने लिहायचं, तो क्रमांक शीटमध्ये त्या नावाला जोडायचा. रांग थांबत नाही. ही एकच युक्ती घेतलीत तरी पुरे.

एका हॉटेलच्या तळघरातल्या हॉलमध्ये नेटच नव्हतं. तेव्हा दोन फोनवर ऑफलाइन चालणारं अ‍ॅप वापरलं. एका फोनचं घड्याळ सात मिनिटं पुढे होतं, त्यामुळे दोन डॉक्टर आत येण्याआधीच बाहेर गेलेले दिसले! शिवाय त्या अ‍ॅपमध्ये पहिला स्कॅन ‘आत’ आणि दुसरा ‘बाहेर’. स्वयंसेवकाचा हात चुकून दोनदा पडला की माणूस चार सेकंदांत कार्यक्रम ऐकून घरी. आता पाच मिनिटांच्या आतला दुसरा स्कॅन सोडून देण्याचा नियम टाकलाय आणि सकाळी सगळे फोन एकमेकांशी जुळवून घेतो.

आता मुख्य गोष्ट. क्यूआर जपानमध्ये डेन्सो कंपनीत १९९४ साली मासाहिरो हारा यांच्या हाताखाली तयार झाला, तो मोटारींच्या सुट्या भागांचा माग ठेवायला. सुटा भाग लेबल दुसऱ्याकडे देऊन क्लिनिकला पळत नाही. आमच्याकडे चौथ्या कार्यक्रमाला एक तरुण डॉक्टर पाच बॅज हातात घेऊन आले आणि निर्व्याज चेहऱ्याने म्हणाले, ‘ताई, सगळे येतायत, पार्किंगमध्ये आहेत.’ पार्किंगमधले ते चौघे जेवणापर्यंत आले नाहीत. स्कॅनरने मात्र पाचही वेळा तितक्याच आनंदाने ‘पीप’ केलं असतं. म्हणजे रजिस्टरातला घोटाळा आम्ही जलद आणि सुबक करून ठेवला होता.

यावर तंत्राने काही झालं नाही, टेबलाच्या शिस्तीने झालं. बॅज आधी घरपोच पाठवणं बंद. सकाळी समोर येईल त्याच्याच हातात, चेहरा बघून. जेवणानंतरच्या सत्रात हॉलच्या दारात दुसरा स्कॅन, आणि जाताना बॅज परत दिला की प्रमाणपत्र. बाहेर पडताना नुसता स्कॅन करा म्हटलं तर कोणी थांबत नव्हतं. प्रमाणपत्रासाठी सगळे थांबतात.

फायदा झाला का? नक्की झाला. नऊ ते साडेनऊची रांग जवळपास संपली, आणि पूर्वी दोन संध्याकाळी खाणारी यादी आता त्याच दिवशी तयार होते. दोऱ्या आणि पाकिटं परत येत असल्याने तोही खर्च वाचला. रजिस्टर मात्र मी टेबलाखाली ठेवतेच. आमच्या एका ज्येष्ठ डॉक्टरांना सही केल्याशिवाय आल्यासारखं वाटत नाही. त्यांच्यापुढे मी ते मुकाट्याने सरकवते, ते सावकाश सही करतात, आणि तेवढ्यात मी त्यांचा बॅज स्कॅन करून घेते.