गाडी सपाट दिसली आणि मी फसलो, जड ट्रेलर ओढणाऱ्यांनी वाचा

पिकअपच्या मागे जड ट्रेलर लावणाऱ्यांनी हे वाचाच. मला ज्या पद्धतीने गंडवलं ती इतकी साधी आहे की कुणीही फसेल, आणि यात पैशापेक्षा जीवाचा धोका मोठा आहे.

माझा ट्रेलर भरला की 2700 किलोच्या आसपास जातो. जोडला की गाडीची मागची बाजू खाली बसायची, बोनेट वर, रात्री समोरचे लोक लाईट मारून मारून हैराण करायचे. मागचे स्प्रिंगचे पाटे बसलेत का दाखवायला एका सस्पेन्शनवाल्याकडे गेलो. त्याने पाट्यांना हातसुद्धा लावला नाही, थेट सांगितलं की एअर बॅग (मागच्या पाट्यांच्या मदतीला लावायच्या, हवा भरायच्या रबरी पिशव्या) टाका, जोडीची ताकद 2200 किलो आहे, म्हणजे तुमची गाडी आता तेवढा जास्त लोड घेईल. मी विचारलं, दरवाज्याच्या खांबावर जो लोडचा स्टिकर असतो त्याचं काय? तर म्हणाला तो कंपनीवाले घाबरून कमी लिहितात, बॅग बसली की तो विसरायचा. हे सरळ खोटं आहे. 2200 हा आकडा फक्त त्या रबरी बॅगा भरपूर हवेवर किती भार उचलतील त्याचा असतो. अ‍ॅक्सल, बेअरिंग, टायर, ब्रेक, चॅसी सगळं जुनंच राहतं, त्यामुळे गाडीची मर्यादा एक किलोनेही वाढत नाही.

पण काम झाल्यावर त्याने ट्रेलर जोडून दाखवला, हवा भरली आणि गाडी एकदम सपाट उभी राहिली. ते बघून माझं समाधान झालं आणि मी पैसे देऊन निघालो. इथेच चुकलो.

पहिल्याच लांबच्या प्रवासात स्टेअरिंग हलकं लागायला लागलं. मोठी गाडी शेजारून गेली की आपली गाडी ओढल्यासारखी व्हायची, वळणावर तर मागचा भाग एका बाजूला कलायचा आणि लवकर सरळच व्हायचा नाही, बायको मुलं गाडीत होती, पुढचा सगळा रस्ता मी हळू हळू काढला. परत आल्यावर वजनकाट्यावर गेलो आणि पुढची मागची चाकं वेगवेगळी तोलली. ट्रेलर नसताना माणसं आणि सामानासकट पुढे 1390, मागे 1530. ट्रेलर जोडल्यावर पुढे 1250, मागे 2010. माझ्या मागच्या अ‍ॅक्सलची मर्यादा 1850 आहे! मग तिथेच बॅगमधली हवा काढून कमीतकमी ठेवली आणि परत तोललं, तर जवळपास तेच आकडे. सपाट असो नाहीतर बसलेली, वजन जिथल्या तिथेच.

कारण असं की ट्रेलर जोडायचा हुक मागच्या चाकांच्याही मागे असतो. तिथे 340 किलो दाबले की तरफेसारखं होऊन पुढच्या चाकांवरचे 140 किलो उचलले जातात आणि मागे 480 वाढतात. बॅग मागची उंची वाढवते, पुढचं गेलेलं वजन परत आणत नाही. ते काम वेट डिस्ट्रिब्यूशन हिचचं (वजन वाटून देणारी ट्रेलरची जोडणी), तिच्या स्प्रिंगच्या दांड्या थोडं वजन पुढच्या चाकांवर आणि थोडं ट्रेलरच्या चाकांवर ढकलतात. दुकानदाराने तिचं नावसुद्धा काढलं नाही.

मग दुसऱ्या मेकॅनिककडे गाडी वर उचलून बघितली तर अजूनच डोकं फिरलं. दोन्ही बॅगांना टी लावून एकच नळी टाकलेली, म्हणून वळणावर दाबलेल्या बॅगमधली हवा दुसरीकडे पळायची आणि गाडी कलायची (जड ट्रेलरला दोन नळ्या आणि दोन व्हॉल्व्ह वेगवेगळेच हवेत). नळी सायलेन्सरच्या पाईपला इतकी चिकटून नेलेली की बोटभर भाग तपकिरी होऊन मऊ पडला होता. साबणाचं पाणी मारलं तर डावीकडच्या बॅगच्या घडीतून बारीक बुडबुडे, रबराला तडे गेलेले, आणि ब्रॅकेटवरचा काळा रंग नखाने खरवडला तर खाली गंज. मला नवीन खोका दाखवून जुना सेट बसवला होता.

परत गेलो तर म्हणे तुम्ही ओव्हरलोड केलं, वॉरंटी नाही. ज्याने स्टिकर विसरा सांगितलं तोच हे बोलत होता. बोलणं सगळं तोंडी, बिलावर फक्त "सस्पेन्शन काम" लिहिलेलं, त्यामुळे माझ्या हातात काहीच नव्हतं. तुम्ही बिलावर कंपनी, मॉडेल आणि सेट नवीन असल्याचं लिहूनच घ्या, आणि बसवताना समोर उभे रहा.

एअर बॅग वाईट नाहीत. मर्यादेच्या आत वजन असून गाडी मागे बसत असेल तर चालतात, फक्त रिकाम्या गाडीतही थोडी हवा ठेवावी लागते, नाहीतर रबर चिमटून फाटतं. जास्तीचा पाटा टाकला तर हवेची कटकट नाही, पण गाडी रिकामी असताना दणके बसतात.

मी शेवटी वेट डिस्ट्रिब्यूशन हिच लावली, मागे 1880 आलं, पुढे 1330. तरी 30 जास्तच, म्हणून पिकअपच्या हौद्यातलं 80 किलो सामान ट्रेलरच्या चाकांच्या बरोबर वर हलवलं, आता 1800 भरतं. ट्रेलरच्या शेपटाकडे मात्र सामान टाकू नका, हुकवरचं वजन ट्रेलरच्या वजनाच्या 10 टक्क्यांखाली गेलं की ट्रेलर झोके खाण्याचा धोका वाढतो. बॅगा काढून टाकल्या. त्या बसवताना मूळचे रबरी बंप स्टॉप (अ‍ॅक्सल वर चॅसीला आपटू नये म्हणून असलेले ठोकळे) काढले होते, ते मागितले तर तो दुकानदार फेकले म्हणाला, तेही नवे घ्यावे लागले.