मशीन भाड्याचं सांगितलं, कर्ज माझ्या नावावर चढवलं

नागपुरात सावजी भोजनालय, खानावळ, छोटं हॉटेल चालवणाऱ्यांनी हे वाचाच. "कागदी केओटी बंद करा, वेटरच्या हातात मशीन द्या" म्हणत एजंट फिरत आहेत. केओटी म्हणजे वेटर आत भट्टीपाशी देतो ती ऑर्डरची चिठ्ठी. मशीनला माझा विरोध नाही. "खूर १, वजडी २, तर्री कमी" असं घाईत लिहिलेली चिठ्ठी आत भट्टीपाशी पोचेपर्यंत तेलानं अर्धी पुसलेली असते. तीच ऑर्डर थेट आतल्या प्रिंटरवर निघाली तर कोणाला नको आहे?

महालातल्या आमच्या भोजनालयात अशाच एका एजंटनं हेच करून दाखवलं. मशीन, प्रिंटर, सगळं महिन्याच्या भाड्यावर. नाही आवडलं तर परत. मग आधार, पॅन, रद्द केलेला चेक घेतला आणि "केवायसीचा" म्हणून ओटीपी मागितला. तो ओटीपी म्हणजे एका फायनान्स कंपनीच्या कर्जकरारावरची माझी सही होती. हप्ता खात्यातून आपोआप कापायचं मँडेटही तेव्हाच करून घेतलं. कर्जाचा पैसा परस्पर विक्रेत्याला गेला, मला एसएमएस आला तो थेट हप्ता कापल्याचा.

सुरुवातीला सगळं सुरळीत चाललं. मग एका रविवारी, ऐन गर्दीत, सगळ्या मशीनवर एकच ओळ: सर्व्हरशी संपर्क होत नाही. मेनू, उधारी, गल्ल्याचा हिशेब, सगळं त्यांच्याच सर्व्हरवर. एजंटचा फोन बंद. आमच्या पोरानं मशीनवरचं स्टिकर नखानं खरवडलं, तर खाली स्वस्तातल्या जुन्या मोबाइलचं नाव निघालं. हप्ता मात्र ठरल्या तारखेला कापला गेला. फायनान्सवाले म्हणतात, मशीनचं तुम्ही आणि विक्रेता बघा, हप्ता भरा.

असं कोणाचं झालं असेल तर बँकेत लेखी अर्ज देऊन मँडेट रद्द करता येतं. पण तेवढ्यानं कर्ज मिटत नाही, थकबाकी सिबिलवर चढते. म्हणून फायनान्स कंपनीकडे लेखी तक्रार त्याच दिवशी द्या आणि पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, चौकशीसाठी १४४४८. ओटीपीनं फसवल्याची तक्रार सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर, जितकी लवकर तितकं बरं. आणि आपल्या नावावर कोणती कर्जं आहेत ते वर्षातून एकदा फुकट मिळणाऱ्या क्रेडिट रिपोर्टमध्ये दिसतं. मशीन नीट चालत असलं तरी तो आजच काढा.

माझी तक्रार सुरू आहे. अशाच "भाड्याच्या" मशीनचा करार तुमच्याकडे असेल तर कागद घेऊन या, भाऊ. पोलिसांकडे सोबतच जाऊ.